टोपी कुणाच्या हातची

लॉम्बर्ड रस्त्यावरच्या आपल्या काळ्या वस्तीत केझाया टिल्मनला सगळे मानत, आणि जरा बिचकूनही असत. टोप्या करण्यात तिचा हात धरणारं फिलाडेल्फियात कुणी नाही, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच सांगत असे. वय चाळिशीला टेकलेलं, अंगानं काटक, ओठांत कायम दोन टाचण्या. बोलायचं झालं की त्या काढून हातात घ्यायची, आणि मग समोरच्याला वाटायचं, टाचण्या तोंडात होत्या तेच बरं होतं.

तिची आई जन्मभर गोऱ्यांच्या घरचे कपडे धूत राहिली. मुलीनं धुण्याच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं, म्हणून केझाया लहानपणीच सुईला लागली. सुईनं तिला नेलं ते थेट चेस्टनट रस्त्यावर, मादाम रोशेच्या दुकानात. दुकान म्हणजे पुढे आरसे, गालिचा, मखमली खुर्च्या, आणि मागे पडदा. पडद्यापुढे मादाम, पडद्यामागे केझाया. मादामनं सुईत दोरा ओवलेला कुणी पाहिला नव्हता. पण शहरातली कुणी श्रीमंत बाई आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अगबाई, काय सुरेख टोपी! कुणाच्या हातची?" की मादाम लाजल्यासारखं हसून म्हणायची, "माझ्याच की!" पडद्यामागे केझाया ते ऐकायची आणि दोरा दातानं तोडायची.

म्हणून तर तिला मंडळाच्या जेवणाचं एवढं अप्रूप होतं. 'नाओमीच्या लेकी' हे आपल्या चर्चमधल्या बायकांचं मंडळ. आजारपणाला, मयताला, विधवेला मदत करायची आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, सगळ्यांनी सारखी टोपी घालून जोडीजोडीनं प्रवचनाला चालत जायचं. प्रवचनानंतर चर्चच्या तळघरात जेवण. जेवणाआधी अध्यक्षीण फीबीमावशी एखादीच्या डोक्यावरची टोपी काढून हातात धरायची, सगळ्यांना फिरवून दाखवायची आणि विचारायची, "बायांनो, ही कुणाच्या हातची?" मग करणारीनं एकटीनं उभं राहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. एवढंच. पण त्या एका उभं राहण्यावर केझाया उरलेलं वर्ष काढत असे. कितीतरी वर्षं तीच उभी राहत आली होती.

आणि मग बाल्टिमोरहून लॅविनिया गँट आली.

लॅविनिया तिशीची. विधवा, पण कुणाला कीव करू न देणारी. पहिल्याच रविवारी ती चर्चमध्ये आली ती पाचूच्या रंगाचा झगा घालून, फुगीर बाह्या, डोक्यावर पिसांची टोपी, आणि पाठ अशी ताठ की पाळकबुवासुद्धा प्रार्थनेतला एक शब्द विसरले. तीही टोप्या करत असे. आणि स्वभावानं वाईट असती तर केझायाला सोपं गेलं असतं, पण तीही सोय नव्हती. "केझायाताई, तुमच्या हातचं काम पाहूनच मी शिकते हो," असं ती चारचौघींत म्हणायची, मनापासून म्हणायची, आणि केझायाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्या वर्षी तर मार्था बीडलसारख्या बायका उघड बोलू लागल्या, की यंदा टोप्या लॅविनियाला सांगून पाहू या, जरा नवं काही होईल. मार्था बीडल ही ऐकीव बातमीला पाय फोडणारी बाई. तिनं म्हटलं म्हणजे निम्म्या वस्तीनं म्हटल्यासारखंच.

"काय आहे तिच्यात एवढं?" केझाया घरी नवऱ्याला विचारायची.

एफ्राइम एका तळघरातल्या खाणावळीत कालवं फोडायच्या कामाला होता. हात चिरलेले, जीभ धारेची. "काही नाही," तो म्हणायचा. "दिसायला बरी, बोलायला गोड, हातात कला. बाकी काही नाही."

"तू गप बस."

"बसलो. सूप वाढ."

त्या हिवाळ्यात चेस्टनट रस्त्यावरच्या एका चित्रविक्यानं काचेमागे टवाळीची चित्रं लावायला सुरुवात केली होती. चित्रं आपल्या माणसांची. आपला न्हावी रविवारचा कोट घालून निघालेला, आपली मुलगी पियानोपाशी बसलेली, आपलं जोडपं नाचाला चाललेलं. कपडे अगदी मन लावून काढलेले, बटण न् बटण, चुणी न् चुणी. चेहरा मात्र सगळ्यांना एकच. डांबरासारखा काळा, ओठ सुजलेले, डोळे बटबटीत. मेल्यानं एक मुखवटा केला होता आणि साऱ्या वस्तीला वाटला होता. खाली आपल्या तोंडी घातलेलं असं मोडकंतोडकं बोलणं, की आपल्यातलं कुणी झिंगल्यावरही तसं बोलत नाही. गोरे लोक काचेशी उभे राहून पोट धरून हसत. चिंध्या घातल्या तर आळशी म्हणणार, आणि चांगलं ल्यायलो तर हे. आपण त्या बाजूनं जाताना रस्त्याच्या पलीकडून जायचो, पण चित्रात कोण आलंय हे दुपारपर्यंत लॉम्बर्ड रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक असायचं.

मार्चमध्ये नवं चित्र लागलं. एक बाई, एवढ्या मोठ्या कडेची टोपी घातलेली, की शेजारून चालणारा माणूस तिच्या सावलीत झाकून गेलेला. मार्था बीडल धापा टाकत आली. "आपली लॅविनिया आहे गं ती! तिच्याशिवाय असली टोपी आहे कुणाकडे?"

झालं. सगळी वस्ती लॅविनियाच्या दारात. कुणी मिरी घातलेलं झणझणीत सूप नेलं, कुणी आल्याचा केक. पाळकबुवा स्वतः जाऊन प्रार्थना करून आले. केझायाही गेली, न जाऊन करते काय. लॅविनिया खिडकीशी बसली होती. रडत नव्हती, पण तिची मान पहिल्यांदाच वाकलेली दिसली. केझायानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दिलाशाचे शब्द तोंडातून जात असताना मनात एकच चाललं होतं. अख्ख्या शहरातून त्यानं हिचीच टोपी निवडली.

"ऐकतोस का?" ती रात्री जेवताना एफ्राइमला म्हणाली. "मी वीस वर्षं या गावात टोप्या करते. आणि चित्र कुणाचं? तिचं."

एफ्राइमचा चमचा थांबला. "केझाया, ते चित्र टवाळीचं आहे."

"ते मला कळत नाही का?"

"मग जाऊन सांगू का त्याला? म्हणावं, माझ्या बायकोलाही जरा वाईट काढ, ती रुसलीये."

तिनं त्याच्यापुढची थाळी उचलून नेली, अर्धी भरलेली.

पण दिलाशाचे दिवस फार टिकत नाहीत. पंधरवडा गेला आणि बोलणं फिरलं. बाजारात गोरी पोरं आपल्या बायकांच्या मागे लागून चित्रातलं ते वाकडं वाक्य ओरडू लागली. मग मार्था बीडलच म्हणायला लागली, "बाई, खरं सांगू का? त्या पिसांनीच हे ओढवून घेतलं. तिला मिरवायचं, आणि आपण सगळ्यांनी ऐकून घ्यायचं." आल्याचा केक नेणाऱ्या बायका आता लॅविनियाला पाहून रस्ता ओलांडू लागल्या. केझायाला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटलं, देवाच्या घरी उशीर आहे, अंधेर नाही. अशीच होती ती. देवाचं नाव तिनं बऱ्याचदा स्वतःच्या सोयीनं घेतलं आहे.

मग एका शनिवारी मादामकडून परतताना ती त्या काचेपाशी थांबली. इतके दिवस पाहिलं नव्हतं. लॅविनियाची फजिती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, एवढाच हेतू.

आणि तिच्या ओठांतल्या टाचण्या खाली पडल्या.

टोपी तिची होती. कडेखालच्या अस्तराच्या चुण्या मध्यापासून पसरत गेलेल्या, आणि मध्येमध्ये एक चुणी मुद्दाम उलटी घातलेली, म्हणजे उजेड पडला की रेशीम दोन रंगांचं दिसतं. ही उलटी चुणी केझायाची स्वतःची, तिनं ती कुणालाच दाखवली नव्हती. आणि फितीचं मोठं फूल उजव्या कानावर, भलतंच खाली. तसं फूल कुणी लावत नाही. ती टोपी तिनं मागच्या शरदात मादामच्या दुकानात मिसेस विथरबीसाठी केली होती, आणि मिसेस विथरबीच्या उजव्या कानामागे वाटाण्याएवढी गाठ होती, ती झाकायची होती म्हणून फूल खाली आलं होतं. सबंध शरदभर ती गोरी बाई ती टोपी घालून याच रस्त्यावरून फिरली, आणि लोक तिला थांबवून विचारत, कुठून आणली. चित्रकारानं तिच्या डोक्यावरची टोपी उचलून त्या मुखवट्यावर ठेवली होती.

केझायाला आधी आनंद झाला. लपवायचं कशाला, आनंदच झाला. बटबटीत डोळ्यांवर, सुजलेल्या ओठांवर तिची चुणी अशी नेमकी उतरली होती, की जणू कुणीतरी शेवटी पडद्यामागे डोकावून पाहिलं. मग शेजारी उभा असलेला एक गोरा माणूस चित्राकडून तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "काय गं, बहीण का तुझी?" त्याच्या सोबतचा खो खो हसला. केझाया मान वर करूनच तिथून निघाली, पण कोपरा वळल्यावर ती भिंतीशी थांबली. आणि तिथं उभी असतानाही, शरमेनं कान जळत असतानाही, मनात आलं ते हेच. आणि लोक म्हणतात, ही टोपी लॅविनियाची!

टोप्या ठरवायची मंडळाची बैठक पुढच्या गुरुवारी दुपारी तळघरात भरली. लॅविनिया अगदी मागच्या बाकावर, साधा तपकिरी झगा घालून बसली होती. शेजारची जागा रिकामी.

मार्था बीडल पहिल्यांदा उठली. "यंदा साध्या करड्या टोप्या. क्वेकर पंथाच्या बायकांसारख्या. पीस नको, फीत नको, कुणाची नजर जायला नको. आणि काम आपल्या केझायाला. इतकी वर्षं केलं तिनं, कधी बोट दाखवायला जागा ठेवली नाही."

बायकांनी माना डोलावल्या. केझायाला काहीसुद्धा करायचं नव्हतं. गप्प बसायचं, बस्स. काम तिचं, मेमधलं उभं राहणं तिचं, आणि लॅविनिया कायमची मागच्या बाकावर. ती घरून निघाली तेव्हा हेच ठरवून निघाली होती.

पण मार्थाला हवं तिथं थांबायची सवय नव्हती. ती मागे वळून म्हणाली, "बाई लॅविनिया, राग नको मानू. टोपी तुझी झकासच होती, ते तर चित्रातसुद्धा लपत नाही. तसं काम आमच्या केझायाला सात जन्मांत जमायचं नाही. पण त्या झकासपणाचं करायचं काय आम्ही?"

केझाया उभी राहिली. टाचण्या काढल्या.

"ती टोपी माझी आहे."

"कुठली?" फीबीमावशीनं विचारलं.

"चित्रातली. माझी. हिची नाही. हिला ती चुणी ठाऊकसुद्धा नाही. सात जन्म कुणाला लागतील ते बघा!"

"कशावरून तुझी?" मार्था म्हणाली.

"फूल एवढं खाली का आहे, सांग तू. नाही सांगता येत ना? मिसेस विथरबीच्या कानामागे गाठ आहे, वाटाण्याएवढी. ती झाकायला मीच लावलंय ते. टोपी त्या बाईची. तिच्या डोक्यावरून उचललीये त्यानं."

आधी एक हसली, मग दुसरी, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. मिसेस विथरबीच्या घरी निम्म्याजणींनी कधी ना कधी भांडी घासली होती. हसल्या नाहीत त्या दोघीच. एक लॅविनिया. ती तोंडावर हात ठेवून केझायाकडे बघत राहिली होती. दुसरी फीबीमावशी.

"एक सांग मला," फीबीमावशी हसू ओसरल्यावर म्हणाली. "ती बाई टोपी घालून फिरली, तेव्हा किती लोक हसले?"

"हसतील कशाला? थांबवून विचारायचे, कुणी केली."

"मग तीच टोपी चित्रात आल्यावर हसू कशाचं येतंय?"

मार्था बीडलसुद्धा खाली बघू लागली.

"म्हणजे टोपीला कुणी हसतच नाहीये," फीबीमावशी म्हणाली. "उद्या आपण डोक्याला गोणपाट बांधलं तरी ते हसणारच. मग करड्या टोप्या घालून मी तरी कशाला मरू? तीच टोपी करायची, बायांनो. चित्रातली. सगळ्यांना. फूल तेवढं वर घ्या, आपल्या कानांना काही झालेलं नाही."

हात वर झाले, एकूण एक. काम केझायाचं. पण चाळीसएक टोप्या, चुणीचं एवढं किचकट काम, आणि मे तोंडावर. "एकटीनं नाही व्हायचं," फीबीमावशी म्हणाली. "लॅविनिया हात लावेल. तिला ती चुणी दाखव."

घरी एफ्राइम तोंडभर हसला. "शाबास! वाचवलंस की गं त्या पोरीला!"

"मी कुणाला वाचवलं नाही," केझाया म्हणाली. "मी माझी टोपी मागायला गेले होते. तर ही बला गळ्यात पडली."

लॅविनिया रोज येऊ लागली. पहिल्या दिवशी केझायानं चुणी दाखवली ती इतक्या भराभर, की बघणाऱ्याला कळू नये. लॅविनियाला कळली. "तिसरी उलटी ना, ताई?" तिनं विचारलं. केझायानं उत्तराऐवजी कात्री आपटली. दोघी खिडकीशी समोरासमोर बसत. लॅविनिया बाल्टिमोरच्या गोष्टी सांगायची, मेलेल्या नवऱ्याच्या, तो जहाजांना डांबर लावायचा त्या. केझाया ऐकत नसल्याचं दाखवायची. एकदा मात्र लॅविनिया म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोलला नसता, तर मी बाल्टिमोरला परत जाणार होते. सामान बांधलं होतं." केझायाच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर तिला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

शेवटच्या आठवड्यात तयार टोप्या ओळीनं मांडल्या, आणि केझायाला दिसायचं ते दिसलं. एका टोपीच्या चुण्या इतरांहून वेगळ्या होत्या. इतक्या बारीक आणि सरळ, की उलटी चुणी कुठे सुरू होते ते बोट फिरवूनही समजेना. ती लॅविनियाच्या हातची होती. चुणी केझायाची, पण केझायाला तशी कधीच आली नव्हती. तिनं ती खिडकीपाशी नेली, उलटीपालटी करून पाहिली, एखादा टाका चुकला असेल म्हणून शोधला. सापडला नाही. उसवावी का, असंही एकदा मनात आलं. मग तिनं ती बाजूला काढली आणि म्हणाली, "ही मला." स्वतःच्या डोक्यावर असली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर तिच्या कामाशेजारी मिरवणार नाही, हा हिशेब.

मेमधल्या त्या दिवशी नाओमीच्या लेकी जोडीजोडीनं निघाल्या आणि फीबीमावशीनं त्यांना मुद्दाम चेस्टनट रस्त्यावरून वळवलं. लोक काचेपासून वळून बघू लागले. कुणी शिट्या मारल्या, कुणी ते वाक्य ओरडलं. चिखलाचा एक गोळा मार्था बीडलच्या झग्यावर बसला, आणि मार्थानं, त्या मार्थानं, खाली बघितलंसुद्धा नाही. एवढ्या टोप्या, सगळ्या सारख्या, सगळ्यांच्या अस्तरात दोन रंगांचं रेशीम. दारात उभा असलेला चित्रविक्या एकदा आपल्या काचेतल्या चित्राकडे आणि एकदा ओळीकडे बघत होता. त्याला हसावं की काय करावं ते कळलेलं दिसलं नाही. केझाया लॅविनियाच्या जोडीनं चालली होती, कारण फीबीमावशीनं तसं लावलं होतं.

प्रवचन झालं. तळघरात टेबलं मांडली होती, वाफा येत होत्या. फीबीमावशी हात पुसत उठली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सरळ केझायापाशी आली. तिच्या हनुवटीखालची फीत सोडून तिनं टोपी उचलली आणि खिडकीकडे धरली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, "चित्रातल्या टोपीहून ही सरस आहे. बायांनो, ही कुणाच्या हातची?"

सगळ्या केझायाकडे बघत होत्या. सवयच होती. ती सवयीनं अर्धी उठलीसुद्धा. आणि टाळी सर्वांत आधी वाजवली ती लॅविनियानं, उजळलेल्या चेहऱ्यानं, टोपी कुणाच्या हातची ते पक्कं ठाऊक असून.

तीच टाळी केझायाला झोंबली. लॅविनियानं तोंड वाकडं केलं असतं, निदान हात मांडीत ठेवून बसली असती, तर केझाया उभी राहिली असती आणि "माझ्याच की!" म्हणाली असती. वाक्य जिभेवर होतं. वीस वर्षं तिनं ते पडद्यामागून ऐकलं होतं, कुठल्या सुरात म्हणायचं तेही पाठ होतं. आपलं तोंड आत्ता कुणासारखं दिसतंय, ते तिला आरसा नसतानाही कळलं.

"लॅविनियाच्या," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "लॅविनिया गँटच्या हातची आहे ती. माझ्या हातून अशी होत नाही."

ती खाली बसली. लॅविनिया उभी राहिली, गोंधळून, आणि तळघर टाळ्यांनी भरून गेलं. केझायाच्या वाट्याला इतक्या टाळ्या कधी आल्या नव्हत्या, हे तिनं नेमकं ओळखलं. त्या बाईनं पहिल्यांदा चर्चच्या दारातून पाऊल टाकलं तेव्हाही केझाया एवढी जळली नव्हती. तिनं दोन्ही हात टेबलाखालून वर काढले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.